प्रार्थनेआधीचा शब्द

“थांब!”

हा शब्द माझ्याच तोंडातून निघाला हे मला कळेपर्यंत लाल दिवा न जुमानता सुटलेली ती मिनीबस चौक ओलांडून गेलीही होती. पदपथाच्या कडेला एक पाय वर आणि एक रस्त्यात अशी एक बाई जागच्या जागी थिजून उभी होती. गाडीच्या झोताने तिच्या खांद्यावरची शाल उडून माझ्या पावलांशी येऊन पडली होती. ऑक्टोबरातलं ऊन सकाळीच चटके देत होतं, जॅकरंडाची जांभळी फुलं डांबराला चिकटून काळी पडत होती, आणि कोपऱ्यावर कणकेचे गोळे तळणारी म्मा-कित्सो कढईवर झारा धरून, तेल ठिबकू देत, आ वासून पाहत होती. मिनीबसकडे नाही, त्या बाईकडेही नाही. माझ्याकडे. “अगं आई गं,” ती म्हणाली, “म्मा बोलल्या!” आमच्याकडे मान द्यायच्या बाईला म्मा म्हणतात, पुरुषाला र्रा किंवा र्रे.

सात वाजून वीस मिनिटं झाली होती. अकरा वर्षं मी या वेळेला बोललेली नाही. गाबोरोनच्या या वस्तीतल्या चावडीवर मला न्यायाला बसवलं त्या वर्षी मी नेम धरला, की पहाटे डोळा उघडल्यापासून चावडी भरतानाची प्रार्थना होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. दिवसाचा पहिला शब्द देवाचा. ज्या तोंडाने लोकांच्या घरादाराचे निवाडे करायचे ते तोंड रोज घासूनपुसून घ्यावं, रागाचा, अर्धवट झोपेचा, शेजारणीवरच्या चिडीचा एक कणही त्यात उरू नये, एवढाच माझा विचार होता. एकदा स्वयंपाकघरात साप निघाला तेव्हा मी पातेल्यावर झाकण बडवून भाचीला उठवलं. नवरा गेला त्या सकाळी दवाखान्यातली परिचारिका पुन्हा पुन्हा विचारत होती, तुम्ही यांच्या कोण, आणि मी तिच्याकडून कागद मागून घेऊन त्यावर लिहिलं, बायको. लोकांना याचं कौतुक आहे. म्मा-कित्सो गिऱ्हाइकांना सांगते, “यांना आत्ता काही विचारू नका, यांचं दुकान आठला उघडतं.” मीही, खोटं कशाला बोलू, त्या कौतुकात थोडी ऊब घेत आले आहे. आणि आता तो नेम भर चौकात फुटला होता, आणि मी वाट पाहत होते की अपराधी वाटेल, डोळ्यांत पाणी येईल. तसं काही होईना. उलट छातीत काहीतरी धडधडत, घरंगळत सुटलं होतं. लहानपणी एकदा आमच्या गाडीची चारही गाढवं उधळली होती. मी मागे पोत्यांवर बसलेली, खाली रस्ता सटासट पळतोय, मोठी माणसं ओरडताहेत, आणि मी भीतीने की आनंदाने कोण जाणे, हसतच सुटले होते. तसं.

मी वाकून शाल उचलली, झटकली आणि तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली नाही. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

“म्हणजे तुम्हाला आवाज आहे, म्मा,” ती म्हणाली.

“आहे,” मी म्हणाले. हा दुसरा शब्द. एकदा बांध फुटला की पाणी काय मोजायचं.

“मग गेल्या मंगळवारी कुठे होता तो?”

तेव्हा मी तिच्या पायांकडे पाहिलं. अंगात नीट इस्त्री केलेला निळ्या नक्षीचा झगा, डोक्याला रुमाल, चावडीला शोभेल असं सगळं. आणि झग्याखाली सिमेंटने राखी झालेले कामाचे बूट. ते बूट मी पाहिले होते. मान खाली घालून चालणाऱ्या बाईला माणसं पायांवरूनच ओळखता येतात. “बूट बदलायला वेळ नाही मिळाला,” ती माझी नजर पाहून म्हणाली, “पहाटेच्या पाळीवरून सरळ येतेय. पण आज झगा आहे, बघा. आज तुमचा हवालदार काय म्हणतो पाहू.” आणि माझ्या हातातून शाल ओढून घेऊन, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोळे वटारून पाहून, ती चावडीच्या दिशेने निघून गेली. जीव वाचवल्याबद्दल आभार वगैरे तिने मानले नाहीत. ते बरंच झालं.

तिचं नाव सेनवेलो. पुलाच्या कामावर काँक्रीटचं यंत्र चालवते. माझ्या काखेतल्या पिशवीत तिच्याच दाव्याचा निकाल होता, माझ्या हातचा, दोन पानी, आज सकाळी पहिल्यांदा वाचून दाखवायचा. दावा साधा होता. तिच्या मुलीचं, पेलोनोमीचं, लग्न येत्या शनिवारी ठरलं आहे. मुलाकडची वडीलमाणसं कान्ये गावाहून पहाटे मुलीच्या घरी द्यायची गुरं घेऊन यायची आहेत, आणि ती गुरं मुलीच्या मामाने हो म्हणून स्वीकारावी लागतात. मामाच्या खुर्चीत मामा नाही, तर लग्न नाही. आणि पेलोनोमीचा मामा, गालेबोए, सेनवेलोचा सख्खा भाऊ, रुसून बसला आहे. मी त्या खुर्चीत बसणार नाही आणि दुसऱ्या कुणाला बसू देणार नाही, असं त्याने कान्येवाल्यांना कळवलं. त्यांनी उलट निरोप धाडला, की मामाशिवायच्या घरी आम्ही गुरं उतरवत नसतो, शनिवारी नाही तर मग नाहीच. सेनवेलोचं मागणं एवढंच, की तिच्या थोरल्या बहिणीला, मोसेलेला, त्या खुर्चीत बसायची परवानगी चावडीने द्यावी. मी लिहिलं होतं: मागणारी नेमल्या दिवशी गैरहजर. मामाचं म्हणणं ऐकलं. रीत स्पष्ट आहे. दावा काढून टाकला आहे. अक्षर किती सुंदर आलं होतं माझं.

गैरहजर. चालता चालता हा शब्द माझ्या पिशवीतून वर येऊन माझ्या कानशिलाला चिकटला. गेल्या मंगळवारी पावणेआठला मी फाटकाशी पोचले तेव्हा हवालदार मोएती एका बाईला अडवून उभा होता. नारिंगी पँट, नारिंगी अंगरखा, चेहऱ्यावर सिमेंटची धूळ. पँट घातलेल्या बाईने चावडीत पाऊल टाकायचं नाही ही आमची जुनी रीत, फाटकावर पाटीच लावली आहे, आणि मोएती पाटीसारखाच माणूस. “म्मा,” ती बाई मला हाक मारून म्हणाली, “तुम्ही तरी सांगा यांना. माझा दावा पहिलाच आहे. घरी जाऊन कपडे बदलून येईपर्यंत तो संपेल. म्मा! अहो म्मा!” आणि मी मान खाली घालून, तिचे बूट पाहून, आत गेले. माझं मौन होतं. प्रार्थनेला पंधरा मिनिटं होती. बरं, प्रार्थना झाल्यावर? प्रार्थना झाल्यावर तर मला तोंड होतं ना? कारकुनाने तिचं नाव तीनदा पुकारलं, आणि तिन्ही वेळा माझ्या डोळ्यांपुढे ते बूट आले, आणि तिन्ही वेळा मी मनाशी म्हटलं, नियम तो नियम. आज हिला आत घेतलं तर उद्या कोण काय घालून येईल. कुंपणाच्या काटक्यांमधून नारिंगी रंग दोन तास दिसत होता. मी त्या बाजूला पाठ करून बसले. इतकं साधं होतं ते. माझ्या नेमाने तिला फाटकाबाहेर ठेवलं, पाटीच्या नियमाने बाहेर टिकवलं, आणि गैरहजेरीच्या नियमाने हरवलं. तीन नियम, तिन्ही आपापल्या जागी चोख, आणि त्यांची साखळी जोडून एका मुलीचं लग्न मोडायला निघालेली मी, सकाळी धुतलेल्या तोंडाची.

हे सगळं लाजेचं होतं, आणि तरी माझी पावलं भराभर पडत होती, ते धडधडणं थांबत नव्हतं. चाळिशीत मी विद्यापीठात पदविकेचा वर्ग केला होता. शिकवायला एक पोरगेला मास्तर होता, र्रे बाकांग, त्याला खडू धरण्याचीही घाई. त्याने फळ्यावर डोंगर काढला. माथ्यावर मूल्यं लिहिली: माणुसकी, मान, सलोखा. कमरेपाशी तत्त्वं: दुसरी बाजू ऐकल्याखेरीज निवाडा नाही, आणि अशी आणखी. पायथ्याला नियमांची गर्दी. आणि माथ्यावरून पायथ्याकडे बाण. नियम लागतो किंवा लागत नाही, तो म्हणाला, मधलं काही नाही. तत्त्वाला वजन असतं, ते दुसऱ्या तत्त्वासमोर पारड्यात टाकून पाहावं लागतं. आणि मूल्य म्हणजे नुसतं आपल्याला काय चांगलं वाटतं ते, त्याने हुकूम सुटत नाही. मी मागच्या बाकावरून हळूच विचारलं होतं, “र्रा, बाण कधी खालून वरही जातो का?” तो घड्याळ पाहून म्हणाला, “म्मा, ते परीक्षेला नाही,” आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि तो डोंगर तसाच वहीत उतरवून पहिल्या वर्गात पास झाले. आज सात वाजून वीस मिनिटांनी बाण वर गेला होता. अकरा वर्षं मी नेम पाळला, पण तो कशासाठी आहे हे मला तो मोडला त्या क्षणी कळलं. मोरामाच्या वेलीचं बी निखाऱ्यात तडकून फुटावं आणि आतला गर दिसावा, तसं. पहिला शब्द देवाचा म्हणजे काय? जे तोंड त्याच्यासाठी राखून ठेवलं त्याच तोंडाने कुणाला मरणातून मागे बोलावलं, तर तो शब्द कुणाचा झाला?

पण लगेच दुसरं मन उठलं, आणि त्याचंही बरोबर होतं. असंच म्हणत गेलीस तर उद्या डोकं दुखतं म्हणून बोलशील, परवा मोएती चुकला म्हणून. प्रत्येकाला आपापला गर दिसायला लागला तर टरफलं राहतील कुठे? आणि तो गालेबोए, तोही एका नियमावर उभा आहे. मामाच्या खुर्चीची रीत काही गंमत म्हणून पडलेली नाही. नवऱ्याच्या घरी निघालेल्या मुलीच्या मागे आईकडचं एक माणूस उभं असावं. उद्या तिला कुणी हात लावला तर, मी ही गुरं स्वीकारली आहेत, मला उत्तर दे, असं म्हणणारं कुणीतरी असावं. या रीतीने किती मुलींचे जीव वाचवले ते मी या चावडीत बसून पाहिलं आहे. ती रीत मी कशाने तोडू? माणुसकी हा शब्द उच्चारून? तो तर गालेबोएही उच्चारेल, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात. मी रस्त्यात थांबले. मागून येणाऱ्या माणसाने मला “सॉरी, म्मा,” म्हणून वळसा घातला. पायांखाली फुलं चिकचिकत होती, आणि मला एकदम वडील दिसले.

वडील दिसले ते आमच्या गुरांच्या तळावर, कुंपणाला खांब पुरताना. मोरोकाच्या झाडाच्या फांद्या तोडून ते खांब करीत. ते लाकूड हट्टी. जमिनीत पुरलं की वर्षा-दोन वर्षांत रुजतं, पालवतं. मी विचारलं होतं, बाबा, खांबाचं झाड झालं तर कुंपण बिघडणार नाही का? ते म्हणाले, “मेलेला खांब वाळवी खाते, पोरी. हे कुंपण माझ्यानंतरही राहील.” मधल्या काटेरी फांद्या मात्र ते दर हिवाळ्यात बदलत, आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. आणि त्या चित्रामागून दुसरं आलं, जे मी शंभरदा आठवलं असेन आणि शंभरदा अर्धंच आठवलं होतं. वडील गावच्या चावडीवर सल्लागार होते. विहिरीच्या पंपाचा पट्टा चोरीला गेला होता, दोन दिवस चावडी भरत होती, सगळ्यांचा संशय बाहेरून आलेल्या एका गुराख्यावर, आणि तिसऱ्या दिवशी तिरो उठला. तिरो म्हणजे गावचा दारुडा. उठला आणि आपल्या शेळीबद्दल बोलायला लागला. शेळी काय खाते, शेळी कशी रुसते, तिच्या आईचा स्वभाव कसा होता. लोक हसून हसून लोळत होते, कुणी ओरडलं, बसवा त्याला. आणि वडील हात वर करून उभे राहिले. वेडंवाकडं बोलणाऱ्यालाही त्याचं बोलू द्यावं, म्हणजे नीट बोलणाऱ्याला आपलं सुचतं, ही आमच्याकडची जुनी म्हण. अर्ध्या तासाने तिरोच्या बोलण्यातून निघालं की शेळी दुकानदाराच्या मागच्या अंगणात काळ्या रबराचा तुकडा चघळत होती, आणि गुराखी सुटला. इथवर मला नेहमी आठवतं, आणि पुढचं आज आठवलं, रस्त्यात उभी असताना, चाळीस वर्षांनी: तिरोच्या डोक्यावर त्या दिवशी टोपी होती. चावडीत टोपी! अर्धा तास, सगळ्या गावादेखत. आणि वडील ते पाहत होते. सगळं संपल्यावर, पट्टा आणायला माणसं धावल्यावर, ते तिरोजवळ जाऊन हळूच म्हणाले होते, “पुढच्या वेळी टोपी काढून बोल.”

आधी ऐकून घेतलं. टोपीचं मागाहून सांगितलं. आणि सांगितलं मात्र! सोडून दिलं नाही. र्रे बाकांगच्या डोंगरावर हे कुठे बसत होतं? नियम मोडला नव्हता, वाकवलाही नव्हता. त्याला फक्त रांगेत मागे उभं केलं होतं, आणि कुणाच्या मागे ते वडिलांना विचार न करता कळलं होतं, जसं मला चौकात कळलं. मी जवळजवळ पळतच निघाले. माझ्या वयाची, माझ्या अंगाची बाई, काखेत पिशवी.

फाटकाशी मोएती टाचा जुळवून उभा होता. पाटीवर अकरा वर्षांपासूनच्या तीन ओळी: पँट घातलेल्या स्त्रियांना प्रवेश नाही. पुरुषांनी टोप्या काढाव्यात. गोंगाट करू नये.

“दुमेला, र्रा मोएती,” मी नमस्कार केला.

त्याच्या हातातून किल्ल्यांचा जुडगा पडला. “म्मा,” तो म्हणाला, “तुम्हाला बरं नाहीये का?”

“ती बाई आत गेली?”

“कोण, बूटवाली? गेली. झगा होता म्हणून सोडली. बुटांचं पाटीवर काही नाही, मी दोनदा वाचलं.”

“उद्यापासून इथे एक कापड ठेवत जा. पँट घालून कुणी आली तर कमरेला गुंडाळायला द्यायचं आणि आत सोडायचं.”

“मागे द्यायला विसरल्या तर?”

“तर मी दुसरं आणीन.”

तो पाटीकडे पाहून विचार करत राहिला. कापडाविरुद्ध पाटीवर काही नव्हतं.

छपराखाली माणसं जमली होती. पुढे बुटक्या लाकडी खुर्च्यांवर वडीलधारे, कडेला चटयांवर बायका, समोर एका अंगाला गालेबोए, टोपी मांडीवर, मान ताठ; दुसऱ्या अंगाला सेनवेलो, पाय झग्याखाली दडवून, आणि तिच्या मागे तिची थोरली बहीण मोसेले, जाडजूड, काठीवर दोन्ही हात ठेवून. मी उभी राहिले. सगळे उठले. प्रार्थना नेहमी मीच म्हणते, आणि अकरा वर्षं ते शब्द माझ्या तोंडातून असे येत, जसं घड्यातलं थंड पाणी; आज तोंड आधीच उष्टं. मी डोळे मिटले. प्रभू, आज मी तुझ्याआधी दुसऱ्या कुणाशी बोलले, असं मी मनात म्हटलं, आणि वाट पाहिली. काही रागावणं ऐकू आलं नाही. इतकं शांत वाटलं, की मला शंका आली, तो सकाळपासून माझ्याबरोबर चालत तर नव्हता ना, भराभर, दम लागलेला. मग नेहमीची प्रार्थना म्हटली. सगळे बसले. कारकून बोनोलोने माझ्यापुढे नोंदवही ठेवली. मी निकालाची दोन पानं काढली आणि पालथी घातली.

“वाचायच्या आधी मला काही सांगायचं आहे,” मी म्हणाले. माझा आवाज मुळातच बारीक, मागची माणसं पुढे झुकली. “गेल्या मंगळवारी सेनवेलो गैरहजर होती असं वहीत लिहिलंय. ती हजर होती. फाटकाबाहेर उभी होती. तिने मला हाक मारली, मी ऐकली, आणि आत आले. ते ‘गैरहजर’ मी जाणूनबुजून लिहिलं. बोनोलो, खोड ते.”

बोनोलोने पेन उचललं आणि तसंच धरलं. “म्मा, या वहीत खोडायचं नसतं. नियम आहे.”

कुणीतरी फिसकन हसलं. “मग खाली लिही,” मी म्हणाले. “हजर होती. चूक न्यायाला बसलेल्या बाईची.”

मी आजवर इथे कुणाला माझी चूक सांगितली नव्हती. तशी रीत आहे की नाही हेही मला माहीत नव्हतं. कान तापले होते. गालेबोए उठला. “म्हणजे निकाल फिरला?”

“निकाल झालाच नव्हता, र्रा. बसा. तुमचं मी ऐकलंय. आता हिचं ऐकते.”

सेनवेलो उठली. मग ती भावाकडे वळून म्हणाली, “तुझ्या भाचीने झगा शिवलाय. तुला ठाऊक आहे का कोणता रंग?”

“मला काय ठाऊक असणार!” तो उसळला. “मला काही ठाऊक असतं का? कान्येची माणसं पहिल्यांदा विचारायला आली, घरात बसली, चहा प्याली, गेली. आणि मला कुठे कळलं? बिअरच्या दुकानात! एक जण म्हणतो, मामा, अभिनंदन. मी म्हणतो, कसलं? तो म्हणतो, तुमच्याच भाचीचं. अख्खं दुकान माझ्याकडे बघत होतं. हसत होते.”

“मी सांगायला आले होते. तू कुत्रं सोडलंस.”

“मी सोडलं? ते सुटलेलंच असतं!”

“माझी पोटरी फाडली असती त्याने.”

“मेलं ते,” गालेबोए म्हणाला, “जूनमध्ये.” आणि का कोण जाणे, लोक हसले, आणि तोही हसण्याच्या काठाशी येऊन परत ताठ झाला. “कुंपणाबाहेरून हाक मारायची होती. मी घरातच होतो.”

“मारली होती!” सेनवेलो ओरडली. “दोनदा मारली!”

माझ्या छातीतली गाढवं पुन्हा उधळली. कुंपणाबाहेरून हाक. मी त्या दोघांकडे पाहिलं, एका आईचं तेच रुंद कपाळ, तीच पुढे आलेली हनुवटी, आणि मला दिसलं की हा माणूसही बाहेरच उभा आहे. ज्या गोष्टीत त्याचं म्हणणं आधी घ्यायला हवं होतं ती त्याला वगळून झाली, म्हणून तो खुर्ची अडवून बसला. बहिणीला जे माझ्या फाटकाशी झालं तेच याला तिच्या अंगणाशी झालं होतं. आधी माझं ऐका, या एकाच खांबाला धरून दोघंही ओढत होते, आणि मी त्यातून एकाला निवडायला निघाले होते. र्रे बाकांगचं पारडं कुठे होतं इथे? दोन्हीकडे तेच वजन. मग सोडवायचं कशाने? मग मी वडीलधाऱ्यांकडे वळले. “र्रे सेलेपेंग, तुम्ही सगळ्यांत वडील. ज्या घरी मामाच नसतो तिथे काय करतात?”

“आईचा चुलतभाऊ बसतो,” सेलेपेंग म्हणाले.

“तोही नसला तर?”

“आतेभाऊ.”

“कुणीच नसलं तर?”

म्हाताऱ्याने हनुवटी खाजवली. त्यांना सांगायचं नव्हतं, आणि खोटंही बोलायचं नव्हतं. “एकदा मावशीला बसवली होती,” ते शेवटी म्हणाले. “दुष्काळाच्या सालात. पुरुष सगळे खाणींवर.”

“ते लग्न टिकलं का?”

“टिकलं म्हणजे! नवरा आजही तिला घाबरतो. मावशीला.” आता मोठं हसू फुटलं, आणि मोसेलेने काठीवरचे हात बदलले, जणू तिला आत्ताच खुर्चीत बसवताहेत.

खांब पालवला होता. कधीचाच. नुसती फांदी बाजूला करून पाहायचं तेवढं राहिलं होतं. मला इतकं भरून आलं की मी नोंदवहीची कड घट्ट धरली, आणि मग जमेल तितक्या सावकाश बोलले. “खुर्ची मामाची आहे. ती रीत मी मोडत नाही. मुलीच्या मागे आईकडचं माणूस उभं राहावं म्हणून ती खुर्ची आहे, मुलीला अडवायला नाही. म्हणून शनिवारी ती मामासाठी मांडली जाईल. मामा आला तर मामा बसेल. नाही आला, तर ती रिकामी आहे म्हणून गुरं माघारी जाणार नाहीत. मोसेले बसेल, आणि मामाला जे उत्तर मागता आलं असतं ते तिला मागता येईल. कान्येला चावडीचं पत्र आजच जाईल.” मग मी सेनवेलोकडे पाहिलं. “आणि तू. कुत्रं होतं हे ऐकलं. पण कुत्र्याला चुकवून पुन्हा जायला हवं होतं. त्याचं आधी ऐकायचं, मग चहा ठेवायचा. तेही निकालात आहे.” सेनवेलोने हनुवटी खाली केली. हो म्हणाली नाही, पण खाली केली.

गालेबोए उभाच होता. मांडीवरून उचललेली टोपी तो गोल गोल फिरवत होता. त्याला काही बोलायचं असावं, आणि मला वाटलं, आता हा तोंड फिरवून चालू लागेल, आणि मग पत्र जावो की आणखी काही, त्या मुलीच्या लग्नात एक दगड राहील. म्मा-कित्सोच्या कढईचा वास वाऱ्यावर इथवर येत होता.

“कोणता?” तो म्हणाला.

“काय कोणता?” सेनवेलो म्हणाली.

“रंग. झग्याचा.”

“हिरवा,” ती म्हणाली. आणि मग, इतक्या हळू की माझाच आवाज वाटावा, “आईच्या शालीसारखा.”

त्याने टोपी फिरवायची थांबवली. “ते कान्येवाले पहाटेच टपकतील ना? मग मला शुक्रवारीच येऊन झोपावं लागेल. जागा कर.”

आणि मोसेले, जिची खुर्ची या क्षणी गेली होती, तिने काठी खाली टाकली, मान मागे टाकली आणि आनंदाची अशी किलकारी घातली की छपराचे पत्रे खणखणले. चटयांवरच्या बायकांनी ती झेलली, एकीची दुसरीला लागत, सगळ्या आवाराभर. फाटकाशी मोएती चवड्यांवर उंच होऊन आत पाहू लागला. त्याने पाटीवरच्या तिसऱ्या ओळीकडे पाहिलं, मग हात वर करून, भुवया वर करून, माझ्याकडे पाहिलं: म्मा, सांगा ना यांना. मला फक्त एक शब्द म्हणायचा होता, सकाळी म्हटला होता तोच.

मी म्हटला नाही.